८०८५ अजून चालतोय! एम्युलेटर जिवंत ठेवणाऱ्यांची गोष्ट

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जे "म्हणजे", "ओके", "बघा" होतं, त्यातलं थोडं गाळलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये बसल्यावर हेडफोन घरीच राहिला हे कळलेल्यांसाठी खास.)

आज सुरुवात एका प्रश्नाने करतो. तुमच्यापैकी किती जणांच्या फोनमध्ये पीपीएसएसपीपी आहे? किंवा कॉलेजात असताना होतं? हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी जण असतो, जो रात्री दोन वाजता फोन आडवा धरून गॉड ऑफ वॉर खेळत असतो. गेम सोनीच्या पीएसपीचा, आणि फोन कुठल्यातरी सेलमध्ये घेतलेला दहा-बारा हजारांचा. पीएसपी प्रत्यक्ष हातात घेतलेला माणूस आपल्या ओळखीत क्वचितच सापडेल. तरी तो गेम चालतो. कसा काय?

ही करामत करणाऱ्या सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. आणि पीपीएसएसपीपी ओपन सोर्स आहे. २०१२ साली हेन्रिक रिडगार्ड नावाच्या प्रोग्रामरने ते सुरू केलं, आणि नंतर जगभरातल्या लोकांनी त्यात भर घातली. म्हणजे तुम्ही रात्री दोन वाजता जे खेळता, त्यामागे अशा माणसांची मेहनत आहे ज्यांची नावं आपण कधी वाचलेली नाहीत.

आज बोलायचंय ते याच माणसांबद्दल. पण गेमच्या एम्युलेटरबद्दल कमी, आणि आपल्या सगळ्यांच्या सिलॅबसमध्ये असलेल्या एका जुन्या चिपच्या एम्युलेटरबद्दल जास्त. इंजिनिअरिंगवाल्यांनी ओळखलं असेलच. ८०८५!

एम्युलेटर म्हणजे नेमकं काय

आधी सोप्या भाषेत. पीएसपीचा प्रोसेसर मिप्स नावाच्या भाषेतल्या सूचना समजतो. तुमच्या फोनचा प्रोसेसर एआरएमच्या सूचना समजतो. दोघांना एकमेकांचं काहीच कळत नाही. मग मध्ये एक दुभाषी बसवायचा. गेम एक वाक्य बोलतो, दुभाषी त्याचं भाषांतर करतो, फोन ते काम करतो.

आता दुभाषी दोन प्रकारचे. एक प्रत्येक वाक्य दर वेळी नव्याने भाषांतरित करणारा. तेच वाक्य हजार वेळा आलं तरी हजार वेळा डोकं लावणार. याला इंटरप्रीटर म्हणतात. दुसरा हुशार. एकदा भाषांतर केलं की वहीत लिहून ठेवतो, पुढच्या वेळी वहीतून वाचून दाखवतो. याला जिट म्हणतात. फोनवर गेम न अडकता चालतो तो या वहीमुळे.

पण भाषांतर एवढंच काम नसतं. एम्युलेटरला मूळ मशीनचं वागणं हुबेहूब करावं लागतं. आपल्या गावाचंच उदाहरण घ्या ना. बाहेरून पाहुणे आले की आपण त्यांना मकबऱ्याला नेतो आणि म्हणतो, "हा बघा दख्खनचा ताज." मकबरा ताजसारखा दिसतो, म्हणून आपण तसं म्हणतो. एम्युलेटरला दिसण्याचं बंधन नाही. त्याला ना बॉडी असते ना बटणं. त्याने फक्त वागायचं असतं. मूळ मशीनला जे दिलं असता जे उत्तर आलं असतं, तेच उत्तर, त्याच रीतीने, त्याच चुकांसकट. होय, चुकांसकट! मूळ चिपमध्ये एखादा विचित्रपणा असेल तर तोही हवा, कारण कुठल्यातरी प्रोग्रामरने तेव्हा त्या विचित्रपणाचा फायदा घेऊन कोड लिहिलेला असतो.

लॅबमधलं ते किट

आता येऊ ८०८५ वर. इंटेलने ही चिप १९७६ साली आणली. ८ बिट, ४० पिना, साधारण साडेसहा हजार ट्रान्झिस्टर, ६४ केबी मेमरीपर्यंत पोच. नावातला ५ आला तो फक्त ५ व्होल्टच्या एका सप्लायवर चालते म्हणून. तिच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज द्यावे लागायचे. आणि जुनी म्हणून हसू नका. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या सोजर्नर गाडीत ८०सी८५, म्हणजे याच चिपची कमी वीज खाणारी बहीण बसवलेली होती.

आपल्याकडे मात्र ही चिप भेटते ती लॅबमधल्या ट्रेनर किटवर. ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. निळसर-हिरवा बोर्ड, सोळा आकड्यांचा कीपॅड, वर लाल अक्षरांचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले. प्रोग्राम आधी वहीत असेंब्लीमध्ये लिहायचा, मग मागच्या तक्त्यात बघून प्रत्येक सूचनेचा हेक्स कोड शोधायचा, मग एकेक बाइट दाबत जायचं. ३ई, नेक्स्ट. २९, नेक्स्ट. सी६, नेक्स्ट. शेवटी ७६, म्हणजे थांब. मग गो, पत्ता, एक्झिक्यूट.

एका किटवर चार-पाच जण. त्यातला एक बटणं दाबणार, एक वही धरणार, बाकीचे खिडकीबाहेर बघणार. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये चाळीस बाइट टाकून झाले, आणि तेवढ्यात लाइट गेली की संपलं. मेमरी रिकामी. पुन्हा ३ई पासून सुरुवात. मराठवाड्यात लोडशेडिंग काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मी ज्या कॉलेजात शिकलो तिथे काही किटची एखादी-दुसरी की दोनदा दाबल्याशिवाय लागायचीच नाही. मग होतं काय? पोरं प्रोग्राम पाठ करतात. जर्नलमध्ये उत्तर आधीच लिहिलेलं असतं. व्हायव्हात सर विचारतात, "ऑक्झिलरी कॅरी कशाला लागतो?" आणि सगळे छताकडे बघतात.

यात पोरांचा आळशीपणा मला दिसत नाही. ज्या मशीनवर आपण एकट्याने दहा मिनिटंही बसलेलो नाही, ते मशीन समजणार कसं?

२००३, आणि लिनक्सवर नसलेली एक गोष्ट

इथे आपल्या गोष्टीतली माणसं येतात. २००३ साली श्रीधर रत्नकुमार या प्रोग्रामरच्या लक्षात आलं की लिनक्सवर ८०८५ साठी धड असा सिम्युलेटरच नाही. म्हणून त्याने स्वतः लिहायला घेतला. नाव ठेवलं ग्नूसिम८०८५. सी भाषेत लिहिलेला, खिडक्या आणि बटणांसाठी जीटीके, आणि लायसन्स जीपीएल. म्हणजे कुणीही घ्या, वापरा, बदला, वाटा. फक्त बदललेलं वाटणार असाल तर त्याचा कोडही खुला ठेवा.

त्यात काय मिळतं? प्रोग्राम असेंब्लीत लिहायचा. हेक्स कोड शोधायची कटकट नाही, असेंबलर स्वतः करतो. समोर सगळे रजिस्टर आणि फ्लॅग दिसतात. एकेक सूचना पुढे सरकवत बघता येतं की आत्ता ए मध्ये काय आलं, झीरो फ्लॅग कधी पेटला. मधेच ब्रेकपॉइंट लावता येतो. मेमरी, स्टॅक, आयओ पोर्ट, सगळं उघडून बघता येतं. आणि लाइट गेली तरी फाइल सेव्ह असते!

फेब्रुवारी २००८ मध्ये फॉस इंडिया पुरस्कारांच्या २० विजेत्या प्रकल्पांत हे नाव आलं. डेबियन आणि उबुंटूवर तर ते एका कमांडमध्ये बसतं.

पण मला रस आहे तो पुढच्या भागात. श्रीधरने सुरुवात केली. पुढे काय? माणूस शिकतो, नोकरी लागते, आयुष्य पुढे जातं. ओपन सोर्सच्या दुनियेत असे हजारो प्रकल्प आहेत, ज्यांचा शेवटचा बदल आठ वर्षांपूर्वी झालाय. ग्नूसिम८०८५ चं तसं झालं नाही, कारण दुसऱ्या लोकांनी ते हातात घेतलं. लेखकांच्या यादीत श्रीधरसोबत एक नाव दिसतं: ओंकार शिंदे. हे नाव वाचून आपल्यासारख्याची मान जरा ताठ होते की नाही? पुढच्या आवृत्त्यांचं काम त्यांनी आणि इतरांनी सांभाळलं. कुणी बग दुरुस्त केले, कुणी विंडोजवर चालेल असं पॅकेज बांधलं, कुणी दुसऱ्या भाषांत भाषांतर केलं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? बग दुरुस्त केले, पॅकेज बांधलं. थांबा. इथेच खरी गोष्ट आहे, आणि ती समजायला आपल्याला एम्युलेटरच्या पोटात उतरावं लागेल. घाबरू नका, सेकंड इयरचं गणित आहे.

पोटात काय असतं

८०८५ चा एम्युलेटर आतून बघितला तर थक्क व्हाल, इतका साधा असतो. ए, बी, सी, डी, ई, एच, एल हे रजिस्टर म्हणजे सात व्हेरिएबल. मेमरी म्हणजे ६५,५३६ बाइटची एक अ‍ॅरे. पाच फ्लॅग. आणि एक भलामोठा स्विच. मेमरीतून एक बाइट काढ, तो कुठला कोड आहे बघ, त्याप्रमाणे व्हेरिएबल बदल, पुढच्या बाइटवर जा. बस्स. एका बाइटमध्ये २५६ कोड मावतात, त्यातले २४६ इंटेलने जाहीर केलेले.

मग अवघड काय? अवघड असतात फ्लॅग.

एक उदाहरण देतो, वहीत लिहून घ्या. २९ आणि १८ यांची दशमान बेरीज करायची. उत्तर ४७ यायला हवं, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. ८०८५ वर आपण ए मध्ये २९एच टाकतो, त्यात १८एच मिळवतो. चिप हेक्सचा हिशोब करते. ९ आणि ८ मिळून १७, म्हणजे हेक्समध्ये ११. खाली १ राहिला, हातचा १ वर गेला. वर २ आणि १ आणि हातचा १, झाले ४. ए मध्ये आलं ४१. चिपसाठी बरोबर, आपल्यासाठी चूक.

आता डीएए ही सूचना द्यायची. ती बघते, खालच्या अर्ध्या बाइटमधून हातचा गेला होता का? गेला असेल तर ६ मिळव. ४१ आणि ६, झाले ४७. उत्तर बरोबर! हा "हातचा गेला होता का" हे लक्षात ठेवणारा फ्लॅग म्हणजे ऑक्झिलरी कॅरी. व्हायव्हात छताकडे बघायला लावणारा तोच.

समजा, एम्युलेटर लिहिणाऱ्याने हा फ्लॅग लावायचा राहून गेला. काय होईल? डीएए खालचा आकडा बघेल. १ आहे, ९ पेक्षा मोठा नाही, म्हणजे काही करायला नको. उत्तर ४१ च राहील. आणि गंमत म्हणजे ३८ आणि ४५ ची बेरीज करून बघितली असती तर बरोबर आली असती! ८ आणि ५ मिळून १३, हेक्समध्ये डी. डी हा ९ पेक्षा मोठा, म्हणून डीएए ६ मिळवणारच, फ्लॅग असो वा नसो. ७डी चं ८३ होणार. म्हणजे एका उदाहरणाने तपासलं तर एम्युलेटर पास, दुसऱ्याने नापास. असा बग वर्षानुवर्षं लपून बसू शकतो.

अजून एक, थोडं वरच्या लेव्हलचं. ८०८० आणि ८०८५ चे बहुतेक कोड तेच आहेत, म्हणून कुणीतरी ८०८० चा तयार एम्युलेटर उचलून त्यावर ८०८५ चं नाव चिकटवण्याचा मोह होतो. पण एएनए, म्हणजे अँड करणारी सूचना, दोन्हीकडे वेगळी वागते. ८०८५ वर ती ऑक्झिलरी कॅरी नेहमी १ करते. ८०८० वर तो फ्लॅग दोन्ही आकड्यांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या बिटांवर अवलंबून असतो. ए मध्ये शून्य, बी मध्ये शून्य घेऊन एएनए बी करा. ८०८५ वर फ्लॅग १ यायला हवा, ८०८० वर ०. इंटेलच्या मॅन्युअलमध्ये हा फरक छापलेला आहे. पण मॅन्युअल ओळ न ओळ वाचतो कोण?

वेळेचंही तसंच. डीसीआर सी या सूचनेला ८०८० वर ५ क्लॉक लागतात, ८०८५ वर ४. डिले लूप लिहून एलईडी लुकलुकवणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. म्हणून एम्युलेटरचे थर असतात. काही फक्त उत्तर बरोबर देतात. काही प्रत्येक क्लॉकचा हिशोब ठेवतात. जेवढा हिशोब बारीक, तेवढा तुमच्या मशीनवर ताण जास्त.

आणि २५६ मधून २४६ गेले, उरले १०, त्यांचं काय? ते कोड चिपमध्ये आहेत, चालतात, पण इंटेलने कागदावर जाहीर केले नाहीत. लोकांनी चिपला एकेक कोड देऊन, काय होतं ते बघून शोधून काढले. खरा एम्युलेटर लिहायचा तर त्यांचाही विचार करावा लागतो.

मग पणाला काय लागलंय?

गेमच्या एम्युलेटरमध्ये चूक असली तर काय होतं? हिरोचा हात भिंतीतून आरपार जातो. आपण हसतो, स्क्रीनशॉट काढतो, ग्रुपवर टाकतो.

८०८५ च्या एम्युलेटरमध्ये चूक असली तर? जालना, बीड, परभणी, नांदेडमधल्या एखाद्या कॉलेजातली मुलगी रात्री स्वतःच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवते. तिचं उत्तर ४७ यायला हवं, येतं ४१. ती पुस्तक बघते, पुन्हा करते, पुन्हा ४१. आता ती काय समजेल? सॉफ्टवेअर चुकलं असं ती समजणार नाही. "मलाच येत नाही" असं समजेल. कारण तिच्यासमोर खरी चिप नाही. तिच्यासाठी एम्युलेटर हीच चिप आहे, तेच पुस्तक आहे, तेच सर आहेत.

म्हणून मला ते एका फ्लॅगची दुरुस्ती करणारे लोक मोठे वाटतात. दोन ओळींचा पॅच असतो. त्याला ना व्हिडिओ, ना लाइक. पण त्यानंतर ज्या ज्या पोरांनी तो प्रोग्राम चालवला, त्यांना बरोबर उत्तर मिळालं. आणि त्यांना कळलंही नाही की कधीकाळी इथे चूक होती.

पॅकेज बांधण्याचंही तेच. जीटीके बदलत राहतं. जीटीके ३ आलं २०११ मध्ये, जीटीके ४ आलं २०२० च्या शेवटी. जुना कोड नव्या सिस्टीमवर बांधताना अडकतो. विंडोज बदलतं. कुणीतरी बसून ते नव्याने जुळवलं नाही, तर आतला स्विच कितीही बरोबर असू दे, खिडकीच उघडणार नाही. गावाकडे म्हणतात ना, विहीर खोदणाऱ्याचं नाव पाटीवर, आणि दरवर्षी गाळ काढणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. पाणी मात्र गाळ काढल्यामुळे मिळतं.

"सर, काँट्रिब्यूट कसं करू?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. स्टेशन रोडच्या शासकीय अभियांत्रिकीमधून, बाकीच्या कॉलेजांतून, अगदी डिप्लोमाच्या पोरांकडूनही. आणि बहुतेक वेळा त्यामागे दुसरा प्रश्न असतो: रेझ्युमेवर काय लिहू?

त्यामुळे आधी एक कडू गोष्ट. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट होतं. चार पुल रिक्वेस्ट करा, टी-शर्ट मिळवा. त्या वर्षी जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक बदलांचा पूर आला. रीडमी फाइलमध्ये "अमेझिंग प्रोजेक्ट" असं एक वाक्य घुसवायचं आणि पुल रिक्वेस्ट ठोकायची. यातला मोठा वाटा भारतातून आला, अशी चर्चा तेव्हा सगळीकडे झाली. शेवटी आयोजकांना, म्हणजे डिजिटलओशनला, स्पर्धा चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय तिथलेच बदल धरले जातील. प्रकल्प सांभाळणारे लोक बहुतेक वेळा फुकट, नोकरी करून रात्री हे काम करतात. त्यांच्या रात्री आपण टी-शर्टसाठी वाया घालवल्या. आणि त्यानंतर आपल्याकडचं नाव बघितलं की समोरचा जरा सावध होतो, ही किंमत प्रामाणिक पोरांना मोजावी लागते.

आता त्याच जागी एआयने लिहिलेले पॅच आलेत. क्यूएमू हा जगातला सगळ्यात महत्त्वाचा एम्युलेटर प्रकल्प. त्यांनी २०२५ मध्ये धोरणच लिहून टाकलं की एआयने तयार केलेला कोड घेतला जाणार नाही. कारण तिथे प्रत्येक पॅचखाली तुम्हाला सही करावी लागते, की हा कोड द्यायचा मला हक्क आहे. जो कोड कुठून आला हेच माहीत नाही, त्याखाली सही कशी करणार?

मग चांगलं योगदान कसं असतं? माझ्या मते ते पाच पायऱ्यांचं असतं, आणि पहिल्या तीन पायऱ्यांत कोड येतच नाही.

पहिली, सॉफ्टवेअर महिनाभर खरंच वापरा. तुमच्या सिलॅबसमधले सगळे प्रोग्राम त्यावर चालवा.

दुसरी, मॅन्युअल शेजारी ठेवा. जिथे मॅन्युअल एक सांगतं आणि एम्युलेटर दुसरं करतो, तिथे खूण करा. खरं किट मिळालं तर तिथेही चालवून बघा. लॅबमधलं ते कंटाळवाणं किट इथे सोन्याचं होतं, कारण शेवटचा शब्द खऱ्या चिपचा!

तिसरी, चूक दाखवणारा सगळ्यात छोटा प्रोग्राम लिहा. चार-पाच ओळी. काय यायला हवं, काय आलं, कुठल्या आवृत्तीवर, कुठल्या सिस्टीमवर, हे नोंदवा. फक्त एवढी नीट तक्रार केलीत तरी ते योगदान आहे. सांभाळणाऱ्याचं निम्मं काम तुम्ही केलंत.

चौथी, स्रोत उतरवून स्वतः बांधून बघा, ती जागा शोधा, दुरुस्त करा. आणि तो छोटा प्रोग्राम चाचणी म्हणून सोबत द्या, म्हणजे पुढे कुणी नकळत तेच मोडलं तर लगेच कळेल.

पाचवी, वाट बघा. दोन दिवसांनी "सर प्लीज मर्ज" असं लिहू नका. समोरून प्रश्न आले तर उत्तर द्या. "असं नको, तसं करा" म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. शिकायला मिळतं ते तिथेच.

आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी काय करायचं? ब्राउझरमध्ये चालणारा सिम८०८५ हाही ओपन सोर्स आहे, तो फोनवर उघडा. चुका शोधायला फोन पुरतो. भाषांतर करायला फोन पुरतो. मराठीतून नीट माहितीपान लिहायला तर नक्कीच पुरतो.

८०८५ शिकून नोकरी लागते का?

सरळ उत्तर: ८०८५ वर कुणी नोकरी देणार नाही. पण एम्युलेशनवर देतात. तुम्ही अँड्रॉइड स्टुडिओमध्ये अ‍ॅप बनवून ज्या खोट्या फोनवर तपासता, तो एम्युलेटर क्यूएमूवर उभा आहे. क्यूएमू सुरू केला फ्रान्सच्या फॅब्रिस बेलार्डने, तोही २००३ मध्येच! ज्या वर्षी ग्नूसिम८०८५, त्याच वर्षी. एकाने जगातले मोठमोठे प्रोसेसर धरले, दुसऱ्याने आपल्या लॅबमधला छोटा. आत फेच, डीकोड, एक्झिक्यूट तेच.

आज रिस्क-फाइव्हच्या नव्या चिप बनतायत. चिप कारखान्यातून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी तिच्यासाठी लिनक्स तयार ठेवायचं असतं. ते तपासतात कशावर? एम्युलेटरवर. क्यूएमूत रिस्क-फाइव्ह २०१८ पासून आहे. गूगल समर ऑफ कोडमध्ये क्यूएमू विद्यार्थ्यांना घेतं. त्यासाठी अर्ज करायचा तर आधी एक पूर्ण मशीन डोक्यात मावायला हवं. आणि एका माणसाच्या डोक्यात अख्खं मावेल असं मशीन म्हणजे ८०८५. सिलॅबसला शिव्या घाला, मीही घालतो, पण ही गोष्ट त्यात चांगली आहे.

आपली मशीन कोण जपणार?

जाता जाता एक मुद्दा, जो मला सध्या झोपू देत नाही.

मेम नावाचा एक प्रकल्प आहे. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरियाने सुरू केला. जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधली हजारो मशीन त्यात जपलेली आहेत. मूळ बोर्ड गंजले, कंपन्या बुडाल्या, पण मशीनचं वागणं कोडमध्ये उरलं. जपानी आणि अमेरिकन मशीन जपली गेली, कारण तिथल्या लोकांना त्यांचं प्रेम होतं.

आपलं काय? ऐंशी-नव्वदच्या दशकात डॉसवर मराठी दिसावी म्हणून संगणकात एक वेगळं कार्ड बसवावं लागायचं. जिस्ट कार्ड. पुण्याच्या सी-डॅकचं. देवनागरी अक्षरं जोडण्याचं काम ते कार्ड करायचं. युनिकोड आपल्या हातात येण्याआधीची ती मराठी. किती सरकारी कार्यालयांत, छापखान्यांत, वर्तमानपत्रांत त्या काळातला मजकूर फ्लॉपीवर पडून असेल, विचार करा. त्या काळचे डॉसचे प्रोग्राम आज डॉसबॉक्समध्ये उघडतील. पण ज्या प्रोग्रामला ते कार्ड हवंय, त्याला कार्ड कुठून देणार? कार्डाचं वागणं कोडमध्ये उतरवायचं, तर चालू कार्ड हातात हवं, त्याची कागदपत्रं हवीत, आणि ते वापरलेला माणूस अजून आपल्यात हवा. यातलं काहीच कायम टिकणारं नाही.

तुमच्या काकांच्या ऑफिसात, एखाद्या छापखान्याच्या माळ्यावर, कॉलेजच्या स्टोअररूममध्ये असं जुनं काही दिसलं, तर भंगारवाल्याला देण्याआधी फोटो काढा. चिपवरचे नंबर दिसतील असे. मॅन्युअल असेल तर प्रत्येक पान स्कॅन करा. फ्लॉपी असेल तर ती वाचून घेणारा शोधा. हेही एम्युलेटरमधलं योगदानच आहे, आणि यासाठी सी भाषेतली एक ओळही यावी लागत नाही.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. एम्युलेटर कुठलाही घ्या, लॅपटॉपवर किंवा फोनवर. चार सूचना: एमव्हीआय ए, २९एच. एडीआय १८एच. डीएए. एचएलटी. ए मध्ये ४७ आलं का बघा. मग शून्य आणि शून्य घेऊन एएनए करा, ऑक्झिलरी कॅरी १ झाला का बघा. बरोबर आलं, तर तो फ्लॅग नीट लावणाऱ्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात एक थँक्यू म्हणा. चूक आलं, तर अभिनंदन! तुम्हाला तुमचं पहिलं योगदान सापडलंय. आवृत्ती लिहून घ्या, आणि तिसऱ्या पायरीपासून कामाला लागा.

काय सापडलं ते मला व्हॉइस नोट करून नक्की पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भाग आवडला असेल तर आपल्या बॅचच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्याचा मायक्रोप्रोसेसर अजून बॅकलॉगमध्ये आहे त्याला तर पाठवाच. भेटू. काळजी घ्या!